कातळाआडची गाडी

घाटाच्या पायथ्याशी जन्म काढलेल्या माणसानं बायकोला एकदाही माथ्यावरून समुद्र दाखवला नाही, तर गल्लीनं काय समजायचं? गल्लीनं समजायचं तेच समजलं. घाटापलीकडे त्याची कुणीतरी आहे.

हे पहिल्यांदा कुणाच्या तोंडून निघालं ते शोधण्यात अर्थ नाही. समोरची इस्त्रीवाली म्हणायची, दूधवाला म्हणाला. दूधवाला म्हणायचा, इस्त्रीवालीच्या दुकानात ऐकलं. त्या दुकानात कपड्यांबरोबर माणसांच्याही जुन्या घड्या मोडायच्या आणि नव्या पडायच्या, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

तर हा माणूस म्हणजे आरसेवाला. त्याला नाव होतं, पण ते फक्त पगाराच्या दिवशी लागायचं. रस्ते खात्यात त्याचं काम एकच. घाटातल्या आंधळ्या वळणांवर खांबांना जे मोठे फुगीर आरसे लावलेले असतात, ते पुसायचे आणि सरळ ठेवायचे. पलीकडून काय येतंय ते गाडीवाल्याला आधी दिसावं म्हणून ते आरसे. पुसणं तसं सोपं. आधी पाणी ओतायचं, मग साबण, मग जुन्या चादरीचा मऊ तुकडा. कोरडं फडकं मारलं की धुळीचेच ओरखडे उठतात. खरी कसरत आरसा सरळ करण्यात, आणि त्याची त्यानं स्वतःची रीत बसवली होती. वळणाच्या अलीकडे भर रस्त्यात बादली उपडी घालायची आणि तिच्यावर बसायचं, कारण गाडीतल्या माणसाचे डोळे साधारण त्याच उंचीवर असतात. वळणापलीकडे तेलाचा लाल डबा ठेवायचा. बादलीवरून आरशात तो डबा दिसला पाहिजे. नाही दिसला तर उठायचं, शिडीवर चढायचं, पाना मारायचा, उतरायचं, परत बसायचं. येणारेजाणारे गाडीवाले काच खाली करून विचारायचे, "काय आरसेवाले, कुणाची वाट बघताय?" तो हसायचा. पुढे पुढे हसेनासा झाला.

त्याला कारण होतं. माथ्याच्या थोडं अलीकडे एक वळण आहे. तिथं डोंगराचा काळा कातळ रस्त्यात पोट काढून उभा आहे, जेवून उठलेल्या सासऱ्यासारखा. आरशाचा खांब वळणावरच, दरीच्या कठड्याला लागून. खालून चढणारी गाडी आधी लांबून आरशात दिसते, मग कातळाआड जाते, आणि एखादा श्वास घ्यावा तेवढ्यात वळणावर हजर होते. प्रत्येक गाडीचं हे असंच.

एक गाडी मात्र यायची नाही.

नोकरीला लागला तेव्हा तो लग्नाचाही नव्हता. दुपार कलली की समुद्रावरचं धुकं माथा ओलांडून घाटात उतरतं. तशाच एका दुपारी तो शिडीवर उभा राहून आरसा पुसत होता. आरशात खालून एक गाडी येताना दिसली. सायीच्या रंगाची. चालवणारा पांढऱ्या मिशांचा म्हातारा, शेजारी निळी शाल पांघरलेली म्हातारी. गाडी कातळाआड गेली. तो शिडीवरच अंग चोरून उभा राहिला, गाडीला वाट द्यायला. गाडी आली नाही. बिघडली असेल म्हणून खाली उतरून कातळापलीकडे जाऊन आला. रस्ता रिकामा होता. ओल्या रस्त्यावर चाकाचा ओरखडासुद्धा नव्हता.

धुक्यात डोळे फसतात, असं त्यानं स्वतःला समजावलं. पुढच्या वर्षी परत दिसली. मग कधी वर्षानं, कधी दोन वर्षांनी. दर वेळी तीच गाडी, तोच म्हातारा, तीच निळी शाल, आणि कातळाआड गेली की गेली. त्याला तिची सवय झाली म्हणा ना. मधल्या काळात लग्न झालं, मुलगी झाली. सुटीच्या दिवशी एखाद्या बसमध्ये बसून समुद्र बघून येऊ, असं बायको म्हणायची आणि तोही 'जाऊ की' म्हणायचा. कामाच्या रस्त्यावर सुटीला कोण जाईल, म्हणून ते राहून जायचं. तेव्हा त्यात भीती नव्हती, नुसता आळस होता.

भीती आली ती न्हाव्याच्या खुर्चीत. केस भादरून झाल्यावर न्हाव्यानं पाठीमागून आरसा धरला आणि म्हणाला, "मिशी पिकायला लागली हो." त्यानं समोर पाहिलं. आरशात तो म्हातारा बसला होता. अजून पुरता पिकला नव्हता, एवढाच फरक. न्हाव्याला म्हणाला, "काढून टाक."

"काय?"

"मिशी. सगळी."

त्या दिवशी इस्त्रीवालीच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. भर संसारातला माणूस एकाएकी मिशी काढतो, म्हणजे कुणाला तरी ती टोचत असणार. बायकोला तर टोचत नव्हती, तसं ती स्वतःच म्हणाली. मग टोचत होती कुणाला? घाटापलीकडची ती बाई अशी जन्माला आली. पुढे गल्लीनं तिला वय दिलं, बांधा दिला, एक चहाचं हॉटेलही काढून दिलं. त्यात आरसेवाल्यानं घरात निळं काही येऊ द्यायचं बंद केलं. मेहुण्यानं बहिणीला निळी शाल आणली, तर यानं ती दुसऱ्याच दिवशी कुणाला तरी देऊन टाकली. कारण विचारलं तर म्हणाला, "निळ्यानं माझं डोकं दुखतं." इस्त्रीवालीनं निकाल दिला, "ती बाई निळं नेसत असणार. घरात तोच रंग दिसला की याला इथं करमत नसेल."

बायकोनं ऐकलं. भांडली नाही, आणि ते वाईट. भांडणारी बायको परवडते, न भांडता ताट वाढणारी परवडत नाही.

त्यानं शेवटचं पाहिलं ते त्यानंतर थोड्या महिन्यांनी. धुकं इतकं की शिडीचे खालचे पाय दिसत नव्हते. आरशात गाडी चढत आली आणि कातळाआड गेली. हा शिडीची पायरी धरून उभा. आणि या वेळी कातळाआडून माणूस बाहेर आला. गाडी नाही, नुसता म्हातारा, पायी. आरशात तो रस्त्यावरून सरळ याच्याकडे येत होता. आरसेवाल्यानं मान वळवून मागे पाहिलं. रस्त्यावर कुणी नव्हतं. परत आरशात पाहिलं तर म्हातारा होताच, आणि त्यानं हात वर केला होता. निरोप देताना करतात तसा.

म्हातारी बरोबर नव्हती. त्याच्या डोक्यात घुसलं ते हेच. ती कातळाआडच राहिली. दोघं मिळून घाट चढतात आणि पुढे येतो तो एकटाच.

यानं आणखी काही बघायला नको म्हणून पाना घातला, आरसा आभाळाकडे फिरवला, बोल्ट आवळला, शिडी खांद्यावर टाकली आणि पळाला.

तो आरसा त्यानं परत कधी सरळ केला नाही. वाऱ्यानं खांबच फिरतो, असं साहेबांना सांगितलं. 'हॉर्न वाजवा' अशी पिवळी पाटी मागून घेतली आणि स्वतः लावली. बाकीचे आरसे चकाचक, हा एकच ढगांकडे तोंड करून. एका पावसाळ्यात पावाची गाडी त्या वळणावर समोरच्या गाडीला चुकवताना कातळावर घासली आणि पाववाल्याचा हात मोडला. आरसेवाला रोज संध्याकाळी फळं घेऊन दवाखान्यात जायचा. लोक म्हणाले, काय देवमाणूस. त्याला ते शब्द ऐकवेनात. तरीही आरसा सरळ झाला नाही. बायकोला घाटातून न्यायचं नाही, एवढी एकच गोष्ट त्यानं उराशी धरली. तिला नेलं नाही तर ती कातळाआड राहायची नाही. हिशेब साधा होता, आणि तो कुणाला सांगायची सोय नव्हती.

निवृत्त झाला. मुलगी लग्न होऊन लांब गेली. मग बायको चालताना दाराच्या चौकटीला आपटायला लागली, कपाच्या शेजारी चहा ओतायला लागली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की अंधार कडेकडेनं आत येतोय. त्याला थांबवता येणार नाही, फार तर रेंगाळत ठेवता येईल.

दवाखान्यातून परतताना ती म्हणाली, "मला दोन गोष्टी हव्यात."

"सांग."

"मिशी वाढवा. मी लग्न केलं त्या माणसाला मिशी होती. त्याला एकदा नीट बघून ठेवते."

त्यानं वरच्या ओठावरून बोट फिरवलं.

"आणि समुद्र. माथ्यावरून. तुमच्या शेजारी बसून."

"तुझ्या भावाबरोबर जा ना. तो आनंदानं नेईल."

"त्याच्या शेजारी बसून त्याची बडबड ऐकू की समुद्र बघू? त्याची गाडी तेवढी मागून घ्या." मग थोडं चालून म्हणाली, "आणि तिला आधी कळवून ठेवा."

"कुणाला?"

"जिच्यासाठी मला इतकी वर्षं घाटाखाली ठेवलंत तिला. म्हणावं, बायको येतेय, पण घाबरू नकोस. तिला नीट दिसत नाही."

ती हसत होती. तो नाही म्हणाला असता तर गल्लीनं त्याला माणसांतून उठवलं असतं, पण त्याला गल्लीची पर्वा नव्हती. त्याला दिसत होता तो तिच्या डोळ्यांच्या कडांनी आत येणारा अंधार. त्यानं मनाशी मांडून पाहिलं. मेहुण्याची गाडी लाल आहे. घरात निळं चिंधीभरही नाही. राहिली मिशी. एकट्या मिशीनं काय होतंय?

मिशी वाढली. पांढरी शुभ्र, टोकं खाली वळलेली. न्हाव्यानं कौतुक केलं. त्यानं आरशात पाहायचं टाळलं.

मेहुण्याचं गाड्या ठोकून रंगवून द्यायचं छोटं गॅरेज होतं. ठरल्या दिवशी सकाळी तो गाडी घेऊन दारात आला, तेव्हा आरसेवाला बूट घालत होता. त्यानं मान वर केली आणि बुटाची नाडी हातातच राहिली.

गाडी सायीच्या रंगाची होती.

"ओळखली नाही ना, भाऊजी?" मेहुणा खुशीत. "रात्रंदिवस खपून रंगवून काढली. एका गिऱ्हाइकाचा रंग उरला होता. म्हटलं, आमची ताई जन्मात पहिल्यांदा फिरायला निघालीय, त्या लाल भडक डब्यातून कशाला? यात कसे, नवरानवरी दिसाल."

"लाल काय वाईट होती?"

"घ्या. माणसं आभार मानतात."

"हॉर्न वाजतो का?"

"रंगासाठी उतरवला होता, बसवलाय परत. जरा सर्दी झाल्यासारखा वाजतो. पण वाजतो."

आरसेवाला 'आज नको' म्हणणार होता. पण तोवर ती पुढच्या सीटवर जाऊन बसली होती, मांडीवर डब्यांची पिशवी घेऊन, पाठ ताठ, शाळेच्या फोटोला बसतात तशी. समोर इस्त्रीवाली इस्त्री तशीच टेकवून दारात आली होती, आणि कुणाची तरी बाही करपल्याचा वास येत होता. तो गाडीत बसला.

दिवस तसा स्वच्छ होता. घाट सुरू झाला की खालचं गाव आधी ताटाएवढं होतं, मग वाटीएवढं. झाडी दाट होत जाते, डोंगराच्या कुशीतून पाण्याच्या बारीक धारा रस्त्यावर उतरतात, आणि दर थोड्या वळणांनी दरीवर एक मोकळी जागा येते, जिथं सहलीच्या बसेस थांबतात. माणसं उतरून फोटो काढतात आणि ज्यांची पोटं ढवळली ते कठड्याला धरून उभे राहतात. ती सगळं पाहत होती.

"मधलं दिसतंय," ती म्हणाली. "कडेचं तुम्ही सांगा."

मग तो सांगत गेला. डावीकडे झाडावर माकडं बसलीत, एकीच्या पोटाला पिल्लू. उजवीकडे दरीत ससाणा तरंगतोय, आपल्या खाली. ससाणा खाली आणि आपण वर, असं कधी झालंय का? ती हसली. मधेच तो आरशांना नावं ठेवत होता. नव्या माणसानं कोरडं फडकं मारलंय. याचा बोल्ट गंजलाय. सवयीनं त्याचा हात खिशातल्या पान्याकडे जायचा. निवृत्तीनंतरही तो पाना खिशात असायचा, आणि ती त्याच पँटचा खिसा परत परत शिवायची.

"पाववाल्याला भेटायला रोज जायचात ना, तेव्हा मला तुमचा फार अभिमान वाटायचा," ती मधेच म्हणाली. "तेवढ्यापुरती ती बाईसुद्धा मी विसरायची."

त्यानं गिअर बदलला.

दोघांनी एका झऱ्यापाशी अंडी आणि पाव खाल्ले. निघता निघता उशीर झाला, आणि माथा जवळ आला तसं धुकं उतरायला लागलं. आधी झाडांच्या शेंड्यांवर, मग रस्त्यावर. गारठा आला. तिनं पिशवीत हात घातला आणि एक शाल काढून पांघरली. त्यानं नजर रस्त्यावर ठेवली होती, तरी डोळ्याच्या कोपऱ्यात तो रंग शिरलाच.

"ही कुठली?"

"घेतली. इस्त्रीवालीकडे ठेवली होती." तिनं शाल गळ्याशी घट्ट केली. "ती म्हणाली, पांघरून जा निळी. त्या बाईसमोर उभी राहा आणि बघ, हा कुणाकडे बघतो."

पुढे कातळ होता. त्यानं ब्रेक दाबला. गाडी कातळाच्या पोटाशी डोंगराला खेटून थांबली. हॉर्न दाबला. तो म्हातारी खोकावी तसा वाजला आणि धुक्यात जिरून गेला. गाडी वळवायला जागा नव्हती. अशा धुक्यात मागे उतरवणं म्हणजे दरीला आमंत्रण. इथून एकच वाट होती, आणि ती त्याला पाठ होती.

"काय झालं? आली का ती?"

"तशी कुणी नाही," तो म्हणाला. आणि मग, स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून, समोर बघत त्यानं सगळं सांगितलं. गाडी, मिशी, शाल, हात वर केलेला म्हातारा, फिरवलेला आरसा. पाववाल्याचा हातही सांगितला. बोलता बोलता काच वाफेनं पांढरी झाली.

तिनं शालीच्या टोकानं आपल्या बाजूची काच पुसली.

"म्हणजे बाई नाहीच?"

"नाही."

"चहाचं हॉटेल?"

"चहाचं हॉटेल आहे. तिथं मी चहा प्यायचो."

"आणि इतकी वर्षं तुम्ही मला वाचवत होतात?"

"हो."

"अहो, मग मला सांगायचं होतंत. मी भुताशी संसार केला असता. त्या बाईशी करून करून थकले." तिनं नाक पुसलं. मग तिचा आवाज बदलला. "पाववाल्याचं मात्र वाईट केलंत. त्याच्या पोरांनी ते वर्ष कसं काढलं, मला माहीत आहे. जा, तो आरसा नीट करून या. त्याशिवाय मी इथून पुढे यायची नाही."

"तुला एकटीला इथं ठेवून?"

"मी कुठं जातेय? मला तर दारसुद्धा नीट दिसत नाही."

तो उतरला. दार लावलं आणि कातळाला हात लावून चालत पुढे निघाला. कातळ संपला, रस्ता मोकळा झाला, आणि त्याच्या ध्यानात आलं की आपण कातळाआडून पायी बाहेर आलोय. एकटे. पांढऱ्या मिशीनिशी.

समोर धुक्यात खांब होता. खांबाला शिडी टेकलेली होती. शिडीवर एक माणूस पाठमोरा उभा होता, खांद्यावर चादरीचा तुकडा. मान ताठ, दंडाला बळ असलेला. आरशात बघत होता. ते दंड आरसेवाल्यानं ओळखले. सदऱ्याची उसवलेली शिवणही ओळखली. पळून घरी आला त्या रात्री बायकोनं ती शिवून दिली होती.

शिडीवरच्या माणसानं झटकन मान वळवली. सरळ याच्याकडे पाहिलं आणि याच्या आरपार पलीकडे पाहिलं. चेहरा कागदासारखा पांढरा. मग परत आरशाकडे वळला.

घाबरू नकोस, एवढंच त्याला सांगायचं होतं. म्हणून त्यानं हात वर केला. आणि हात वर गेल्यावर त्याला कळलं की हे कसं दिसतंय. हात खाली घेईपर्यंत शिडीवर पाना खणखणला, आरसा आभाळाकडे वळला, शिडी उचलली गेली, आणि धावणारी पावलं वर धुक्यात विरून गेली.

थांब जरा, तो पुटपुटला. अजून थोडं थांब की रे.

खांबापाशी पोचला तेव्हा तिथं कुणीही नव्हतं. आरसा आभाळाकडे तोंड करून होता, पाठीवर शेवाळ, बोल्टला कित्येक वर्षांचा गंज. शिडी नव्हती. तो कठड्यावर चढला, एक हात खांबाला, मागे पांढरी दरी. पाना लावला. बोल्ट हलेना. तेवढ्यात वरच्या बाजूनं घरघर ऐकू आली. जड गाडी उतरत होती. आणि कातळाआड त्याची गाडी रस्त्यात उभी होती, तिच्यात ती.

त्यानं सगळं अंग पान्यावर टाकलं. बोल्ट कुरकुरला, सुटला. आरसा खाली वळवला, बाहीनं पुसला. कोरडंच पुसलं, जन्मात पहिल्यांदा. आरशात रस्ता आला, कातळ आला. खाली लाल डबा नव्हता, समोर बादली नव्हती. कशावर धरून आरसा लावायचा ते कळेना, आणि घरघर अगदी जवळ आली.

मग आरशात कातळाआडून निळं काहीतरी बाहेर आलं.

एक हात कातळावर, दुसऱ्या हातानं शाल सावरत, पाय चाचपत टाकत ती येत होती. त्यानं मान वळवून मागे पाहिलं. रस्त्यावर ती होती. आरशातही होती आणि रस्त्यावरही होती. त्यानं तिच्यावर आरसा धरला आणि बोल्ट आवळला.

मालाचा ट्रक वळणावर आला आणि त्याचे ब्रेक किंचाळले. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढलं.

"काय हो आजोबा, कठड्यावर चढून तोंड बघताय? आणि त्या बाई मधेच काय चालल्यात? आरशात दिसल्या म्हणून, नाहीतर..." तो थांबला, आरशाकडे बघत राहिला. "यात रस्ता दिसतो? इतकी वर्षं जातोय, मला वाटलं हा देवासाठी लावलाय."

ट्रक गोगलगाईच्या चालीनं कातळाला वळसा घालून, उभ्या गाडीला चुकवून उतरला. ती खांबापाशी पोचली होती.

"तुला गाडीत बस म्हटलं होतं ना?"

"कंटाळा आला." मग मान वर करून, तो होता साधारण त्या दिशेला बघत म्हणाली, "आणि म्हटलं, खरंच कुणी वर उभी असली तर?"

तो कठड्यावरून उतरला आणि रस्त्यातच बसला. ती विचारत राहिली, लागलं का, चक्कर आली का. त्याला एकच गोष्ट डोक्यातून जात नव्हती. म्हातारी कातळाआडून बाहेर आली होती. थोडीशीच मागून. शिडीवरचा तो पळाला नसता, दोन श्वास आणखी आरशात बघत राहिला असता, तर त्याला निळी शाल दिसली असती. मग मिशी तेव्हाच परत आली असती, पाववाल्याचा हात राहिला असता. तरण्या डोळ्यांनी ती समुद्र बघून आली असती, हव्या तितक्या वेळा.

माथ्यावर पोचले तेव्हा धुकं निम्मं फाटलं होतं. खाली समुद्राची एक पट्टी उघडी पडली होती, पितळ घासून ठेवावं तशी. ती बराच वेळ बघत उभी राहिली.

"मोठा आहे का हो?"

"हो."

"मला पट्टीच दिसतेय."

"मलाही पट्टीच दिसतेय," तो म्हणाला. ते खरंच होतं, पण तिला ते खरं वाटलं नसावं.

चहाच्या हॉटेलात चहावाली त्याला बघून म्हणाली, "आरसेवाले, मिशी आली का परत? आणि या वहिनी? आणलंत वाटतं एकदाचं." चहावालीला पुढचे दात नव्हते. बायकोनं तिच्याकडे अगदी जवळ जाऊन, डोळे बारीक करून पाहिलं आणि दोन कप चहा जास्त मागवला. घरी गेल्यावर इस्त्रीवालीला काय सांगायचं ते तिनं तिथंच ठरवलं असणार. पुढे आठवडाभर इस्त्रीवाली कुणाशी धड बोलली नाही.

परतताना संध्याकाळ झाली होती. कातळाच्या वळणावर धुकं पुन्हा दाटलं होतं. त्यानं गाडी हळू केली आणि नजर रस्त्यावर रोवली. इकडेतिकडे बघितलंच नाही.

"अहो," ती म्हणाली, "त्या शिडीवर कुणीतरी आहे. आरसा पुसतोय. भिजलाय बिचारा."

त्याचे हात स्टिअरिंगवर घट्ट झाले.

तिनं काच खाली केली, शालीचा पदर बाहेर काढला आणि हलवला. निळा, लांब, जितका जाईल तितका. गाडी खांबाच्या बाजूनं निघाली, कातळाला वळसा घालून उतरायला लागली. तिनं शाल आत घेतली. ती ओली झाली होती.

"बघितलं असेल का त्यानं?"

"नाही."

"तुम्हाला काय माहीत? तुम्ही तर मानसुद्धा वळवली नाहीत."

"मला माहीत आहे," तो म्हणाला. "त्याची पाठ होती."